दुसऱ्याच्या जागी उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता. नागपुरात हे दिवस कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या आसपास, दुपारी एकला रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मात्र नेमक्या त्याच वेळी यायच्या. डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून, चालत. पोळ्या झाल्या की दहा-पंधरा मिनिटं कूलरसमोर बसायच्या, गडवाभर पाणी प्यायच्या आणि पुढच्या घरी जायच्या.

मला ते बघवेना. मी स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहिलं. मी असते तर ऊन चढायच्या आत सगळी कामं उरकून मोकळी झाले असते. म्हणून एक दिवस म्हटलं, "मावशी, उद्यापासून सकाळी सहाला येत जा तुम्ही. दुपारच्या येऊ नका." मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी आल्या एकलाच. तिसऱ्या दिवशीही. मग मी विचारलं.

"सकाळी नळ येते ना ताई. नळ सोडून कशी येऊ?" आणि थोडं थांबून, "दुपारी आमच्या टिनाच्या घरात बसाले नाही होत. इथं कूलर राहते."

म्हणजे माझ्या त्या 'दये'नं त्यांचं पाणीही गेलं असतं आणि दिवसभरात मिळणारा थंडावाही. मी त्यांच्या जागी उभी राहिले होते खरी, पण जाताना माझ्या गच्चीवरची टाकी, माझं सिमेंटचं छत आणि माझी सकाळ सोबत घेऊन गेले होते.

'दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ' हे आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. शाळेत, घरी, आता ऑफिसातल्या प्रशिक्षणातही. सल्ला चांगल्या मनाचा आहे. पण तो कुठे चालतो आणि कुठे फसतो, याचा मानसशास्त्रानं गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं बराच शोध घेतला आहे. आपल्या जुन्या म्हणीला मात्र त्यातली अडचण आधीच कळली होती. 'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.' ही म्हण आपण सहानुभूतीचा उपदेश म्हणून वापरतो, पण शब्द नीट वाचले तर ती म्हणते, त्याच्या वंशात जन्म घेतलास तर कळेल. नुसती कल्पना करून कळेल असं ती कुठेच म्हणत नाही.

सुरुवात लहान मुलांपासून करू. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांसमोर टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवली. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला एक बाहुली. मुलाला विचारायचं, बाहुलीला हे डोंगर कसे दिसत असतील? समोरच्या चित्रांतून निवड. चार-पाच वर्षांची मुलं बहुतेक वेळा जे चित्र उचलत ते स्वतःच्या खुर्चीतून दिसणारं असे. बाहुली पलीकडे बसली आहे हे त्यांना दिसत होतं, पण पलीकडून जग वेगळं दिसतं हे अजून उमगलं नव्हतं. सात-आठ वर्षांनंतर मुलं बरोबर उत्तर देऊ लागतात.

आपण मोठे झालो म्हणजे यातून सुटलो, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. शिकागोत शिकवणारे निकोलस एप्ली आणि इतर संशोधकांचं म्हणणं असं की मोठ्या माणसाचं मनही पहिल्या क्षणी स्वतःपासूनच सुरुवात करतं. फरक इतकाच की त्यानंतर ते थोडी दुरुस्ती करतं. 'मला असं वाटतंय, पण तो तर वेगळा आहे, मग जरा इकडे सरकवू.' आणि ही दुरुस्ती जवळजवळ नेहमी अर्ध्यावर थांबते, कारण 'पटण्यासारखं' उत्तर मिळालं की मन पुढे जात नाही. आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर गावांची अंतरं कोरली आहेत, ती सगळी त्या दगडापासून मोजलेली. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात असा एक दगड रोवलेला असतो आणि दुसऱ्याचं गाव आपण तिथूनच मोजतो. घाईत असलो, थकलेलो असलो, की दुरुस्ती आणखी लवकर थांबते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा १९९० सालचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एका माणसाला ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली, आणि दुसऱ्याला ती ओळखायला. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० चालींपैकी ओळखल्या गेल्या फक्त ३. कारण उघड आहे. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं वाजत असतं, शब्दांसकट, वाद्यांसकट. ऐकणाऱ्याला मिळते नुसती टकटक. आणि वाजवणाऱ्याला डोक्यातलं ते गाणं काही केल्या बंद करता येत नाही. जे आपल्याला माहीत आहे, ते माहीत नसणं कसं असतं, ही कल्पना करणं माणसाला फार अवघड जातं.

नागपुरात नव्यानं आलेल्या कोणालाही विचारा. "व्हरायटी चौकातून सरळ जा, पहिले जिथं टॉकीज होती ना, तिथून आत." सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती टॉकीज अजून उभी असते. ऐकणाऱ्यासाठी ती कधी नव्हतीच. नव्या सुनेला सासरचा स्वयंपाक समजावताना, गणित शिकवताना, डॉक्टरनं रोग्याला औषधाची वेळ सांगताना हेच घडतं. यात कोणी दुष्ट नसतं. डोक्यात गाणं वाजत असतं, एवढंच.

माहितीचं जसं, तसंच शरीराचंही. २०११ मध्ये लोरान नॉर्डग्रेन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांचा हात बर्फाच्या पाण्यात, काहींचा साध्या पाण्यात, आणि त्या अवस्थेत विचारायचं की थंडीत डांबून ठेवलेल्या कैद्याला किती त्रास होत असेल. ज्यांचा हात बर्फात होता त्यांनी तो त्रास जास्त मोजला. हे अपेक्षितच. पण आणखी एक गट होता, ज्यांनी हात बर्फात बुडवून बाहेर काढला होता आणि दहा मिनिटं झाली होती. त्यांचा अंदाज, ज्यांनी बर्फ अनुभवलाच नव्हता अशांच्या इतकाच निघाला. दहा मिनिटांत शरीर विसरलं.

हे मी वाचलं तेव्हा मला आमचा मे महिना आठवला. बाजारातून घामानं निथळत घरी यायचं, कूलरसमोर उभं राहायचं, आणि पाचव्या मिनिटाला दारात आलेल्या डिलिव्हरीवाल्या पोराला "इतका उशीर कसा झाला?" विचारायचं. मी स्वतः नुकतीच त्याच उन्हातून आलेली असते. म्हणून 'मीही गरिबी पाहिली आहे', 'मीही कधीकाळी सून होते' ही वाक्यं मी आता सावधपणे ऐकते. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण तो अनुभव त्याच्या अंगातून केव्हाच उतरलेला असतो, आणि तरी त्याच्याच आधारावर तो समोरच्याला "एवढं काय त्यात" म्हणत असतो.

आणखी एक सवय आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही कारण मराठीनं ती मोजक्या शब्दांत पकडली आहे. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.' मी सिग्नल तोडला तर मला दवाखान्यात पोचायचं होतं, त्यानं तोडला तर तो बेशिस्त. स्वतःचं वागणं आपण परिस्थितीनं समजावतो आणि दुसऱ्याचं स्वभावानं. ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव चिकटवण्याच्या या चुकीला शास्त्रीय नाव दिलं. म्हण त्याच्या कितीतरी आधीची.

मग उपाय काय? जास्त मन लावून कल्पना करायची? नेमकी हीच गोष्ट ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि एप्ली यांनी २०१८ मध्ये तपासली. एकूण २५ प्रयोग. चेहरा पाहून भावना ओळखणं, खरं हसू आणि खोटं हसू वेगळं करणं, खोटं बोलणारा पकडणं, आपल्याच नवऱ्याला किंवा बायकोला काय आवडेल ते सांगणं. अर्ध्या लोकांना मुद्दाम सांगितलं, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवा. त्यानं अंदाज सुधारले नाहीत. उलट थोडे बिघडले, आणि कधीकधी आत्मविश्वास तेवढा वाढला. सुधारणा एकाच गोष्टीनं झाली. समोरच्याला थेट विचारल्यानं.

हा निकाल पहिल्यांदा कळला तेव्हा मला थोडं वाईट वाटलं होतं. इतकी वर्षं जे आपण सद्गुण म्हणून जपलं ते निरुपयोगी? तसं नाही. दुसऱ्याच्या जागेची कल्पना केल्यानं आपलं मन मऊ होतं, त्याच्याकडे बघायची इच्छा होते. ते मोलाचंच आहे. पण मन मऊ होणं वेगळं आणि माहिती बरोबर असणं वेगळं. मावशींना सकाळी सहाला बोलावणारी मी मऊच होते.

डोळ्यांवर पट्टी बांधून 'एक तास अंधत्वाचा' असे कार्यक्रम कॉलेजांत होतात. हेतू चांगला असतो. २०१५ मध्ये एरिअल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी असा अनुभव घेतलेल्या लोकांना नंतर विचारलं, तर अंध माणसं नोकरी आणि स्वतंत्र आयुष्य कितपत जमवू शकतील याबद्दल त्यांचं मत हा अनुभव न घेतलेल्यांपेक्षा खालचं निघालं. कारण पट्टी बांधल्यावर मिळतो तो पहिल्या तासाचा अनुभव. ठेचकाळणं, भीती, गोंधळ. वीस वर्षं पांढरी काठी घेऊन फिरणाऱ्या माणसाला पायाखालच्या उठावदार फरशीवरून, आवाजाच्या घुमण्यावरून, हवेच्या झोतावरून जे कळतं, ते त्या तासात कुठून मिळणार? कळवळा वाढला, पण सोबत गैरसमजही वाढला. मेट्रोच्या जिन्यावर एखाद्या अंध प्रवाशाचा हात न विचारता धरून ओढणारे लोक मी पाहिले आहेत. ते याच कळवळ्यातून ओढत असतात.

तेव्हा विचारायचं. पण विचारणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि ऐकणं तर त्याहून अवघड. मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये यावर फार नेमकं लिहिलं. त्या म्हणतात, माणसावर ज्ञानाच्या बाबतीतही अन्याय होतो, आणि तो दोन प्रकारे. पहिला म्हणजे, कोण बोलतंय ते पाहून त्याच्या शब्दाची किंमत कमी करणं. विदर्भातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. "मी येऊन राहिलो", "मले माहीत नाही", "काऊन?" एवढं तोंडातून निघालं की पश्चिमेकडच्या एखाद्या शहरातल्या वर्गात हसू फुटतं, आणि मग त्या मुलानं पुढे कितीही बरोबर मुद्दा मांडला तरी तो हलकाच भरतो. आणि नागपुरात बसून आपणही गडचिरोलीहून आलेल्या, घरी गोंडी बोलणाऱ्या मुलीच्या मराठीशी हेच करतो. एका ठिकाणी ज्याच्यावर हसतात तोच दुसऱ्या ठिकाणी हसतो.

दुसरा अन्याय जास्त खोल आहे. माणसाला स्वतःचं दुःख सांगायला शब्दच नसणं. फ्रिकर उदाहरण देतात ते कॉर्नेल विद्यापीठात काम करणाऱ्या कार्मिटा वुड यांचं. एका प्राध्यापकाच्या वागण्याला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली. बेकारी भत्त्याच्या अर्जावर कारण लिहायची वेळ आली तेव्हा काय लिहावं कळेना. 'वैयक्तिक' असं लिहिलं गेलं, आणि अर्ज नाकारला गेला. १९७५ मध्ये त्या आणि इतर बायका एकत्र बसल्या, आपापले अनुभव सांगितले, आणि 'लैंगिक छळ' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यातून पुढे आला. आपल्याकडे तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं 'छेडछाड' होता. हा शब्द जरा उच्चारून बघा. त्यात जणू गंमत आहे, खोडी आहे. ज्या बाईला रोज ऑफिसात जायची भीती वाटते तिनं 'माझी छेड काढतात' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात खोडकर पोरं उभी राहतात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा खटल्यात निकाल दिला, २०१३ मध्ये कायदा आला, आणि 'कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ' हे शब्द साध्या नोटीस बोर्डावर आले. अनुभव तोच होता, पण आता तो दुसऱ्याला कळेल असा सांगता येऊ लागला. म्हणून कोणी अडखळत, अर्धवट, विचित्र शब्दांत काही सांगत असेल तर 'हिला नीट सांगता येत नाही, म्हणजे तसं काही नसेल' असं ठरवायची घाई करू नये. कदाचित शब्दच अजून तयार झालेला नसेल.

विचारायचं कसं, याचं माझं अनुभवातून आलेलं एकच सांगणं आहे. 'तुम्हाला काय वाटतं' असं मत विचारण्यापेक्षा 'तुमचा दिवस कसा जातो' हे विचारा. मत विचारलं की माणूस सावध होतो, आपल्याला आवडेल असं बोलतो. दिवस विचारला की नळ येतो, टिनाचं छत येतं, मुलाची शाळा येते, आणि आपल्याला जे विचारायचं सुचलंही नसतं ते आपोआप कळतं.

माझं लहानपण दीक्षाभूमीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर गेलं. आमच्या घरी दसरा म्हणजे आपट्याची पानं, पाटीपूजन, संध्याकाळी सोनं वाटायला नातेवाइकांकडे. त्याच दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असायचा. आणि त्याच दिवशी दीक्षाभूमीवर लाखो माणसं यायची. घरात त्याविषयी एकच वाक्य ऐकलं होतं, "आज तिकडून जाऊ नका, रस्ते बंद आहेत." १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे शाळेत शिकले होते. नागपूरच का, याचं उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिलं होतं. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागातले, असं त्यांनी सांगितलं होतं. हे मला तिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या शहराचं नाव, माझ्या शहरातली नाग नदी, आणि मला त्या दिवसाबद्दल माहीत होते ते बंद रस्ते.

एका वर्षी मी चालत गेले. पुस्तकांच्या स्टॉलपाशी मराठवाड्यातून आलेल्या एक आजी पथारीवर बसल्या होत्या, शेजारी पुस्तकांची पिशवी. मी विचारलं, कोणती पुस्तकं घेतली? म्हणाल्या, मला वाचता येत नाही बाई, नात वाचून दाखवते. दरवर्षी एक घेते. यंदा काय घेतलं? महाडच्या तळ्याचं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईला गावच्या विहिरीवर हात लावता येत नसे. घागर खाली ठेवून उभं राहायचं आणि कुणी वरून ओतेल त्याची वाट बघायची. कधी तास, कधी दुपार. "पाण्यासाठी नाही ओ वाईट वाटायचं," त्या म्हणाल्या, "ओतणारीच्या तोंडाकडं बघत उभं राहावं लागायचं, त्याचं."

मी इतकी वर्षं १९२७ च्या महाड सत्याग्रहाकडे पाण्याच्या हक्काचा लढा म्हणून बघत होते. ते बरोबरच होतं. पण ते 'तोंडाकडे बघणं' माझ्या कल्पनेत कधीही आलं नसतं. मी कितीही डोळे मिटून आजींच्या आईच्या जागी उभी राहिले असते, तरी मी तहानेचीच कल्पना केली असती. कारण तहान मला माहीत आहे.

समजून घेणं म्हणजे सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर मानणं, असाही एक समज आहे. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट त्यासाठी सांगतात. कोणाला सोंड, कोणाला पाय. जैनांच्या अनेकांतवादाशी, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात या विचाराशी, ही गोष्ट जोडली जाते आणि तिच्यातली नम्रता मला प्रिय आहे. पण एक गोष्ट खटकते. गोष्ट सांगणाऱ्याला पूर्ण हत्ती दिसत असतो. आणि सगळे आंधळे एकाच अंतरावर, सारख्याच सुखरूप उभे असतात. विहिरीपाशी तसं नव्हतं. एक वर उभी होती आणि एक खाली. खालचीला वरचीच्या घरची वेळ, तिचा राग, तिचा उपवासाचा वार सगळं ठाऊक असणार, कारण पाणी त्यावर अवलंबून. वरचीला खालचीबद्दल काहीही माहीत नसलं तरी तिचं काही अडत नव्हतं. घरात, ऑफिसात, गावात, जिथे जिथे एक वर आणि एक खाली असतो तिथे असंच असतं. म्हणून विचारायची जबाबदारी दोघांची सारखी नाही. मावशींना माझी जेवणाची वेळ, माझ्या मुलाचा डबा, माझी पोळी किती पातळ हवी हे पाठ होतं. मला त्यांचा नळ कधी येतो हे माहीत नव्हतं.

पण मनातलं मात्र त्यांनाही ओळखता आलं नव्हतं. दिवाळीनंतर एकदा चहा पिताना मी त्यांना तो मे महिना आठवून दिला, म्हटलं, तेव्हा तुम्ही गप्प का झालात? त्या जरा हसल्या, मग कपाकडे बघत म्हणाल्या, "मले वाटलं, माझं कूलरसमोर बसणं तुम्हाले आवडून नाही राहिलं."